न ऐकलेला ‘गा’

परवा भाचीच्या साखरपुड्यात माझी जीभ घसरली. वसंतरावांची गोष्ट सांगत होतो — आमच्या घराण्यात दर कार्याला तिची फर्माईश होते, आणि मी आढेवेढे घेतल्यासारखं करतो — तर ऐन मोक्याला दारावरचा आवाज काढून म्हणालो, “काकाजी, दार उघडा ना वं.” पोरं खो-खो हसली. भाची म्हणाली, “मामा, वसंतराव काय बाई होते? मागच्या वेळी तर ‘गा’ होतं.”

मीही हसलो. पण कानांनी ऐकलेला शब्द माणूस असा विसरतो का हो? आता जे सांगतोय ते माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलेलं नाही. एवढा बडबड्या मी, आणि नेमकं हेच गिळून बसलो.

वसंतराव आमचे जरीपटक्यातले शेजारी. एकटे राहायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी नाहीसे झाले. दार सताड उघडं, कुलर चालू, चपला उंबरठ्याशी, ताटात टरबुजाची अर्धी फोड. नागपूरच्या उन्हात माणूस अनवाणी जाईल कुठे? अजून पत्ता नाही.

पोलिसांनी मजल्यावर सगळ्यांना विचारलं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. माझी पाळी आली, आणि — काय सांगू — “मला माहीत नाही” म्हणणं मला कधी जमलंच नाही. बोलून गेलो, दारावर कुणीतरी हाक मारत होतं: काकाजी, दार उघडा ना गा.

आम्ही सगळे शुद्ध बोलणारे, निदान तसा आव आणणारे. बिल्डिंगमध्ये ‘गा’ म्हणणारा एकच — तळमजल्यावरचा गोविंदा. मूळचा उमरेडच्या विणकरांच्या घरातला, कळमेश्वरला कारखान्यात कामाला. मी नाव घेतलं नाही, असं स्वतःला समजावत आलो. नाव घ्यायची गरजच कुठे होती?

त्याला ठाण्यावर बोलावलं, पुन्हा पुन्हा बोलावलं. निघालं काहीच नाही. पण तो जिन्यात दिसला की बायका पोरांना आत ओढून घेऊ लागल्या. एकदा मला गाठून म्हणाला, “भाऊ, माह्याच आवाज होता का गा? नीट आठवून पाहा.” मी म्हटलं, तसाच होता. पुढे नवरा-बायकोनं घरच सोडलं.

त्या दुपारी बायको माहेरी होती, आणि मी आमरस हाणून कुलरपुढे आडवा. आमचा कुलर चालू असताना स्वतःचं घोरणंही ऐकू येत नाही — दारावरची हाक कुठली? मी काहीच ऐकलं नव्हतं. आणि खरंच कुणी आलं असेल, तर ते शुद्ध बोलणारंही असू शकेल ना — आमच्यातलंच? त्याला कुणी शोधलंच नाही. अजूनही जिन्यात कुणी नमस्कार केला की मी त्याचा चेहरा न्याहाळतो.

साखरपुड्याहून आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती बांगड्या उतरवत होती. सगळ्या उतरवून डब्यात ठेवल्या. मग म्हणाली, “घर सोडायच्या दिवशी गोविंदाची बायको आली होती माझ्याकडे. म्हणाली, ‘वहिनी, भाऊनं खरंच आयकलं का? तुम्ही हो म्हणसान तं मी मानीन.’ तुमच्या शब्दावर मी हो म्हटलं.”