फेस शिल्डच्या आतला टिळा

भूतखेत, संकेत वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बसला लिंबू-मिरचीसुद्धा मी बांधू देत नसे... तरी हे लिहितोय.

आम्ही मूळचे अमरावतीचे, राहायला रायपूरच्या भनपुरीत. बाबांची तीर्थयात्रेची बस होती, चालवायचो मी. निघताना ते दारात उभे राहून चढणाऱ्या प्रत्येकाला चंदनाचा टिळा लावत. पुण्यही पदरात आणि हजेरीही झाली - कपाळ कोरं दिसलं, की तो माणूस मोजायचा राहिला. त्यांची अनामिका कधीतरी बसच्याच दारात चेमटली होती, म्हणून टिळा नेहमी डावीकडे कलायचा. प्रवासी त्यावरून त्यांना चिडवत.

कोरोनात बाबा गेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मिळाले, चेहरा कोणी दाखवला नाही. "तोंड नाही पाह्यलं, मी काहून मानू?" आई म्हणाली. ती कुंकू लावत राहिली, रोज आम्हा दोघांसोबत त्यांचंही ताट वाढत राहिली. मला रडूही येत नव्हतं, सगळं नुसतं सुन्न.

यात्रा बंद पडल्या. मग ड्रायव्हरमागे प्लास्टिकचा पडदा ठोकला, एकाआड एक सीट रिकामी ठेवली, आणि विमानाने आलेल्या लोकांना नवा रायपूरच्या क्वारंटाइन हॉटेलात पोचवायचं काम धरलं. टिळा अर्थातच बंद. कोणाला हात लावायची सोयच नव्हती.

त्या दुपारी माना विमानतळावरून प्रवासी घेतले. सगळे मास्क, फेस शिल्ड लावलेले. मी पडद्यापुढे स्टिअरिंगवर, सोबत क्लीनरही नाही. हॉटेलपाशी माणसं उतरू लागली... आणि प्रत्येकाच्या कपाळावर, शिल्डच्या आत, ओला चंदनाचा टिळा. डावीकडे कललेला.

"ये किसने लगाया, दीदी?" मी एकीला विचारलं.

"आपके साथवाले अंकल ने, दरवाजे पे. भैया, हमने उनसे कहा छूना मत... माने ही नहीं."

बाबांची टिळ्याची वाटी डॅशबोर्डच्या खणात होती. काढून पाहिली. तळाशी वाळून तडकलेलं चंदन, कडकडीत कोरडं.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, तिला धीर येईल.

"डावीकडेच होता?"

"हव."



"जित्ते असते तं पहिले घरी आले असते रे," आई म्हणाली. मग मोरीत गेली आणि कपाळ धुऊन आली.

त्या दिवशी दारात कोण उभं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी आईने दोनच ताटं वाढली.