झिंडेलफिंगेनची ग्रीक जेवणावळ आणि पंच्यावर पसरलेले गहू

जायचं की नाही, हे आम्ही शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात उभ्या राहून ठरवलं. देस्पिनाच्या हातात एक पोस्टकार्ड होतं. तिने मला ते जर्मनमध्ये वाचून दाखवलं: "रविवारी झिंडेलफिंगेनला आपल्या लोकांची मेजवानी आहे. थोमास गावाहून परत आलाय. तू ये. नक्की ये. सोफिया."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. मारिया बरी असती तर तसं लिहिलं नसतं का?"

१९६३ चा फेब्रुवारी होता. मी आखनला लोकरीच्या रंगांवर पीएच.डी. करत होते आणि देस्पिना त्याच शहरातल्या लोकरीच्या गिरणीत कामाला होती. एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारशेजारच्या खोल्या, आणि दोघींत मिळून एक गॅसची शेगडी. ती उत्तर ग्रीसमधल्या डोंगरातल्या एका खेड्यातली. नवरा मालवाहू जहाजावर, तीन वर्षांची मारिया गावी आजीजवळ. आजीला लिहिता येत नसे, गावातले मास्तर तिची पत्रं लिहून देत. डिसेंबरच्या शेवटच्या पत्रात 'मारियाला ताप आहे' असं होतं. त्यानंतर सहा आठवडे काहीही नाही. देस्पिनाने चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. थोमास म्हणजे तिचा गावचा शेजारी, झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात होता आणि नाताळापासून रजेवर गावी गेला होता.

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले. माझ्या प्राध्यापकांना सोमवारी अहवाल हवा होता. त्यांना काय सांगायचं, ते सोमवारी बघू म्हटलं.

हल्ली जर्मनीतल्या बऱ्याच गावांत उन्हाळ्यात ग्रीक जत्रा भरतात, आपली मुलं तिथून फोटो टाकतात, आणि तो मांडव, ते ढोकळ्याएवढे चीजचे तुकडे बघून मला कौतुक वाटतं. जरूर जा. पण माझी पहिली ग्रीक जेवणावळ साठ वर्षांपूर्वीची, आणि ती ही अशी होती.

शनिवारी सकाळी सातची गाडी. आता हा प्रवास चार-साडेचार तासांत होतो म्हणे, आम्हाला अख्खा दिवस लागला. आखनहून कलोन, तिथे गाडी बदलून ऱ्हाइनच्या काठाकाठाने माइन्झ, मग मानहाइम, मग स्टुटगार्ट, पुन्हा गाडी बदलून बोब्लिंगेन, आणि तिथून बस. रविवारी परतण्याच्या सवलतीचं तिकीट काढलं तरी प्रत्येकी साठेक मार्क गेले. मी बरोबर बटाट्याची भाजी आणि पोळ्या घेतल्या होत्या. त्या हिवाळ्याच्या थंडीची आठवण अजून जुनी माणसं काढतात. ऱ्हाइनमधून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या, एकमेकींवर चढत, आणि डब्याच्या खिडकीला आतून बर्फ धरलं होतं. एरवी मी हा देखावा नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत बघितला असता. पण समोर देस्पिना ते कार्ड काढून वाचायची, पिशवीत ठेवायची, पुन्हा काढायची. चार ओळींचं कार्ड! कोब्लेन्झला मला राहवेना.

"वाईट असतं तर त्यांनी तार केली असती," मी म्हणाले.

"आमच्याकडे वाईट बातमी तारेने कळवत नाहीत. माणूस पाठवतात."

मी तिला पोळीभाजी दिली. तिने दोन घास खाल्ले आणि बाकीचं नीट गुंडाळून परत माझ्या डब्यात ठेवलं.

झिंडेलफिंगेनला अंधार पडता पडता पोहोचलो. थांब्यावर सोफिया उभी होती. ठेंगणी, काळ्या कोटातली, पन्नाशीची बाई. तिचा नवरा कारखान्यात, ती स्वतः कारखान्याच्या वोनहाइममध्ये, म्हणजे कामगारांच्या वसतिगृहात, स्वयंपाकाला. तिने देस्पिनाला मिठी मारली ती जरा जास्तच वेळ, असं मला वाटलं. देस्पिनाने ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं, त्यात 'मारिया' आणि 'थोमास' एवढं मला कळलं.

"थोमास पाळीवर आहे," सोफिया माझ्याकडे बघत जर्मनमध्ये म्हणाली, जणू प्रश्न मीच विचारला होता. "उद्या. उद्या जेवायला येईल. आल्झो, चला, थंडी आहे."

बायकांच्या खोलीत आम्हाला दोन खाटा दिल्या. देस्पिना भिंतीकडे तोंड करून पडली. झोपली नाही हे मला माहीत आहे, कारण मीही झोपले नाही.

रविवारची मेजवानी गावातल्या एका व्यायामशाळेच्या हॉलमध्ये होती. जर्मन कार्निव्हल तोंडावर आलेला, त्यामुळे छताला त्यांच्या रंगीत पताका आधीच लावलेल्या होत्या. ग्रीकांचीही हीच वेळ. मोठा उपास सुरू होण्याआधी मांस खायचा हा शेवटचा रविवार, म्हणून एवढा थाट. मागच्या अंगणात बर्फ फावड्याने बाजूला सारून, अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात निखारे घातले होते आणि त्यावर अख्खं कोकरू फिरत होतं. फिरवणारे तिघे कोट काढून, बाह्या सारून उभे. शाकाहारी माणसाने तिथे जास्त वेळ उभं राहू नये, पण वास मात्र सांगायलाच हवा: लिंबू, धूर आणि ओव्याच्या जवळ जाणारा एक रानटी पाला. तो पाला लोकांनी गावाहून पुड्या बांधून आणला होता. आत लांब टेबलांवर काळे ऑलिव्ह, पांढरं खारट चीज, आणि पापुद्र्यांत पालक भरून भाजलेला एक प्रकार. हा शेवटचा मी तीन वेळा घेतला हे कबूल करते. ज्यांना मांस चालत नाही त्यांनी ग्रीक जत्रेत सरळ तिकडे वळावं. पंचाहत्तर फेनिगला पोटभर वाढत होते. वाइनला मात्र सुतारकामाच्या दुकानासारखा वास येतो, ती जपून.

शंभरेक माणसं असतील, जवळजवळ सगळे पुरुष. कोणी एक तंतुवाद्य वाजवत होता. थोमासचा पत्ता नव्हता. देस्पिनाच्या ताटात सगळं वाढलेलं आणि तिचा काटा जिथल्या तिथे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला अजिबात आवडली नाही: तिच्या गावाकडची माणसं तिच्याजवळ येत, खांद्यावर हात ठेवत, आणि लगेच दुसरीकडे जात. कोणी बसत नव्हतं.

"बघितलंस?" देस्पिना म्हणाली. "माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत."

मी पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे एका टेबलावर पांढऱ्या पंच्यावर उकडलेले गहू पसरले होते. टपोरे, फुललेले, पाणी सुकायला ठेवलेले. शेजारी वाडग्यात बेदाणे, सोललेले बदाम, आणि दळलेल्या साखरेचा ढीग. मला बघून सोफियाने घाईने दुसरा पंचा वरून ओढला.

"देस्पिनाला सांगू नका," ती मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "आधी जेवण. मग थोमास. मग हे. कृपा करा, बिटं, फ्राऊलाइन."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! उकडलेले गहू आणि गोड! अहो, साताऱ्याकडच्या आमच्या घरात याचा एकच अर्थ होतो. घुगऱ्या. कोणाचं तरी बारसं! देस्पिनाच्या धाकट्या बहिणीला दिवस गेलेले होते, हे तिने मला दिवाळीच्या सुमाराला सांगितलं होतं. मी हिशेब जुळवला आणि तो इतका चोख जुळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. म्हणून सगळे लपवाछपवी करत होते. बाळाची बातमी, थोमासच्या तोंडून, आणि वर घुगऱ्या वाटायच्या. आणि ही बिचारी तिकडे मरणाच्या भीतीने काटा धरून बसलेली!

सोफियाने सांगू नका म्हटलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे माझ्या घरच्या सगळ्यांना माहीत आहे. पण तेव्हा मी उतावळेपणाने बोलले नाही, खरंच. मला तिचं ते पांढरं पडलेलं तोंड आणखी एक तास बघवलं नसतं.

मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला. "घाबरू नकोस. चांगली बातमी आहे. मी आत बघून आले."

"काय बघितलंस?"

"गहू. उकडलेले, बेदाणे-बदाम घालून, वर साखर. आमच्याकडे बाळाचं नाव ठेवताना अगदी असेच गहू वाटतात. तुझ्या बहिणीला—"

देस्पिनाच्या हातातला काटा खाली पडला.

"किती गहू?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू.

"टेबलभर. का गं?"

"ते मेलेल्या माणसासाठी करतात, लीला. चाळिसाव्या दिवशी."

ती उठली. मी तिच्या मागे धावले. त्याच क्षणी मागच्या दाराने थोमास आत येत होता, साठीचा, मिशा पिकलेला, टोपीवर बर्फ. सगळे त्याला बार्बा थोमास म्हणत, म्हणजे थोमासकाका. स्वयंपाकघरात सोफिया, बार्बा थोमास, देस्पिना आणि दारात मी. देस्पिनाने पंचा ओढून काढला. गव्हांकडे बघितलं. मग त्या म्हाताऱ्याच्या कोटाच्या दोन्ही बाह्या धरून तिने एकच शब्द विचारला.

"मारिया?"

त्याने टोपी काढली. "माना," तो म्हणाला.

हा शब्द मला येत होता, देस्पिनाच्या बोलण्यात तो दिवसातून दहादा यायचा. माना म्हणजे आई.

आणि देस्पिना हसली. मोठ्याने, सगळा श्वास बाहेर टाकत, जशी मी तिला वर्षभरात एकदाही हसताना ऐकली नव्हती. तिने म्हाताऱ्याच्या हाताचं चुंबन घेतलं, कपाळावर, छातीवर क्रूस काढला, देवाचे आभार मानले. हे सगळं दोन-तीन सेकंद चाललं असेल. मग आपण काय ऐकलं ते तिच्यापर्यंत पोहोचलं. ती तिथेच, बटाट्यांच्या पोत्याला टेकून खाली बसली, आणि मी कानांवर हात ठेवावेत असं रडायला लागली.

बाकीचं सोफियाने मला सांगितलं. मारियाचा ताप उतरला होता. तिची सेवा करता करता आजी आजारी पडली आणि पाच दिवसांत गेली. बहिणीने मास्तरांना पत्र लिहू दिलं नाही. परक्या मुलखात एकटी आहे, कागदावरून कळायला नको, आपलं माणूस जाऊन सांगेल, असं ठरलं. मारिया आता बहिणीकडे, धडधाकट, कोंबड्यांमागे पळत होती. आणि इथल्या बायकांनी ठरवलं होतं की देस्पिनाला आधी जेवू द्यायचं, कारण एकदा कळल्यावर ती दोन दिवस अन्नाला शिवणार नाही.

"तुम्ही तिला का सांगितलंत?" सोफियाने मला विचारलं. चिडून नाही, थकून.

"आमच्याकडे तो बाळाचा खाऊ आहे," मी म्हणाले. ती "आख, जा" म्हणून गव्हांकडे वळली. गहू परातीत काढले, वर साखर थापून गुळगुळीत केली, बदामांचा क्रूस मांडला. पाद्री नव्हता. बार्बा थोमासनेच प्रार्थना म्हटली. मग प्रत्येकाने मूठभर गहू घेतले आणि खाण्याआधी तेच तीन शब्द म्हटले: थेओस स्खोरेस तिन. देव तिला क्षमा करो. सोफियाने मलाही ते शब्द दोनदा म्हणायला लावले, उच्चार बरोबर येईपर्यंत. चव अगदी घरच्यासारखी होती.

दुपारी तीनच्या गाडीने आम्ही निघालो. सोफियाने कागदाच्या पुडीत गहू बांधून दिले होते. माइन्झच्या पुढे नदीवर पूर्ण काळोख होता, डब्यात आम्ही दोघीच. तिने पुडी उघडून मधल्या सीटवर ठेवली.

"तू बघितलंस," ती म्हणाली.

"काय?"

"मी हसले. माझी आई मेली असं त्याने सांगितलं, आणि मी हसले. देवाचे आभार मानले मी."

"तू मारियासाठी हसलीस."

"गेनाऊ, अगदी तेच," ती म्हणाली. मग तिने माझ्या तळहातावर थोडे गहू ठेवले. "ते वाक्य म्हण. पण आईसाठी नको, तिच्यासाठी शंभर जणांनी म्हटलंय. माझ्यासाठी म्हण."

मी दचकले. जिवंत माणसावर मेलेल्याचं वाक्य म्हणायचं? आमच्या घरात कोणी असं बोलूही दिलं नसतं. "वेड्यासारखं करू नकोस," मी म्हणाले. "तू काही चुकलेलीच नाहीस, मग क्षमा कशाची? कुठल्याही आईने हेच केलं असतं. तुझ्या आईलासुद्धा हेच वाटलं असतं." आणखी पुष्कळ बोलले. सगळं खरं होतं, सगळं शहाणपणाचं होतं. देस्पिना ऐकत राहिली. माझं बोलणं संपल्यावर तिने पुडी बंद केली आणि "तू चांगली आहेस" एवढंच म्हणाली.

दहा दिवसांत ती गिरणीचं काम सोडून मुलीकडे गेली. स्टेशनवर मी पोहोचवायला गेले होते, ती खिडकीतून हात हलवत होती, तेव्हाही ते वाक्य म्हणायची वेळ होती. पुढे दोन पत्रं आली, एकात मारियाचा फोटो. मग माझा प्रबंध संपला, मी पुण्याला परतले, लग्न, मुलगी, नोकरी, आणि पत्ते हरवले.

या प्रवासाचं काय उरलं, असं लिहिताना मला पालकाचे ते पापुद्रे आठवतात, ऱ्हाइनमधलं बर्फ आठवतं, माझ्या घुगऱ्यांचा तो गाढवपणाही आठवतो. त्या चुकीबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलं, ती अजाणतेपणी झाली. पण गाडीतलं माझं वागणं मला अजून छळतं. देस्पिनाला स्वतःची बाजू पटवून घ्यायची नव्हती. ती निर्दोष आहे हे तिला माझ्याएवढंच ठाऊक होतं. तिच्यासाठी कोणीतरी ते तीन शब्द म्हणायला हवे होते, आणि त्या डब्यात ते येणारी दुसरी बाई मी एकटीच होते.