बांधापलीकडची माती

आष्ट्यात शेती अवजारांच्या दुकानाबाहेर तो म्हातारा मला एकदाच दिसला. नाव मी विचारलं नाही. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडून रान सपाट करायचं अवजार त्याला हवं होतं. दुकानदाराने तिरकी फिरणारी फळी दाखवली. म्हाताऱ्याने खाली बसून मातीवर तळहात तिरका ओढला. धूळ एका अंगाला साचली.

“ही नगं. बांधापलीकडं दादाचं रान हाय. ही माती कवा तिकडं फेकंल, कवा तिकडची वडंल.”

“आवं तात्या, ओंजळभर मातीनं काय हुतंय?”

“ओंजळभर मातीवरनंच बोलणं बंद झालं हुतं, गड्या.”

त्याने माती आत धरून ओढणारी, दोन्ही कडा बंद असलेली लोखंडी पेटी निवडली. ती जड होती. काम सावकाश होईल, असं दुकानदाराने बजावलं. पेटी जोडून ट्रॅक्टर आवारात फिरवून म्हातारा उतरला आणि त्याने वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. बाहेर माती सांडली नव्हती.

बांधावरची भांडणं मी बातमीसाठी पुष्कळ ऐकली आहेत. बांध सांभाळण्यासाठी अवजार निवडणारा माणूस तेवढाच पाहिला.

दुकानदाराने चहा मागवला. म्हातारा तोवर ट्रॅक्टरवर चढला होता.

“आज च्या दादाकडं हाय. त्येंनीच बोलावलंय.”