मागच्या दाराची काच

बाळांनो, परवाचा व्हिडिओ कॉल संपल्यावर धाकटीने तुमच्या बाबाला विचारलं म्हणे, "आजोबा आमच्यावर रागावलेत का?" बाबाने ते मला सांगितलं तेव्हाच ठरवलं की आता लिहून काढायचं. इतके दिवस आम्ही तुम्हाला 'आजोबांचं मशीन बिघडलंय' एवढंच सांगत आलो. मशीन बिघडलेलं नाही. जुनं चोरीला गेलं आणि नवीन कपाटात ठेवलेलं आहे. मुलं मोठी झाल्यावर सांगू, असं बाबाचं म्हणणं होतं. पण तुम्ही तोवर थांबणार नाही, तुमच्या मनाने काहीतरी अर्थ लावाल, आणि तो अर्थ मग मला इतक्या लांबून पुसता येणार नाही. वाचायला जड गेलं तर बाबाकडून वाचून घ्या. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, पण हे मला इंग्रजीत लिहिता येत नाही.

आजोबांचा खरा आवाज तुम्ही दोघांनी ऐकलेलाच नाही. थोरल्याच्या जन्माआधी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या तळाशी एक भोक आहे, श्वास तिथूनच चालतो. ते गळ्याभोवती पांढरं कापड बांधतात ते त्यासाठी. फुफ्फुसातली हवा तोंडापर्यंत येतच नाही, त्यामुळे आवाज नाही, शीळ नाही, चहावर फुंकर नाही. दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र गळ्याला लावून बटण दाबलं की ते घूं करायचं, आणि त्या घूंमधून ओठ आणि जीभ शब्द घडवायची. तुम्ही त्याला रोबोचा आवाज म्हणायचात. मग तेही मुद्दाम एकेक शब्द तोडून म्हणायचे, "मी. रोबो. आहे. मला. लाडू. द्या." तुम्ही हसून हसून पलंगावरून खाली पडायचात.

ते मशीन त्या दिवशी गाडीत का राहिलं, हे सांगायचं तर आधी आमच्या बॅगेबद्दल सांगायला हवं. आजोबांची सगळी नोकरी तारापूरच्या अणुवीज प्लांटमध्ये गेली. प्लांटमध्ये अपघात झाला तर काय करायचं, याचा आसपासच्या गावांत कधीमधी सराव व्हायचा. भोंगा झाला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि निघा म्हटलं की निघायचं. खरोखर निघायची वेळ कधी आली नाही. पण कॉलनीतल्या आमच्यासारख्या काही घरांत एक बॅग कायम भरलेली असे. टॉर्च, औषधं, कपड्यांचा एक जोड, टॉवेल, बिस्किटं, कागदपत्रांच्या झेरॉक्स. निवृत्तीनंतर आम्ही घिवलीच्या बाजूला घर बांधलं, तरी आजोबांनी ती बॅग मोडली नाही. ती गाडीत मागच्या सीटवर असायची, कारण निघायचं तर गाडीनेच निघणार. बिस्किटांची तारीख ते स्वतः बघून पुडा बदलायचे. ऑपरेशननंतर बाहेर पडताना मशीन, त्याच्या जादा बॅटऱ्या आणि चार्जर हेही सगळं त्यातच जायला लागलं. एका ठिकाणी असलं की हरवत नाही, हा आम्हा दोघांचाही नियम.

त्या दिवशी आम्ही मासवणला गेलो होतो. आजोबांच्या शिफ्टमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले एक गृहस्थ वारले होते, त्यांच्या घरी. गल्ली अरुंद म्हणून मी गाडी रस्त्याच्या कडेला चिंचेखाली लावली. आजोबांनी मशीन गळ्याला लावलं आणि म्हणाले, "हे. तिथे. नको. गेलेल्या. माणसाच्या. घरी. घूं घूं. बरं. दिसत. नाही." मलाही ते पटलं. अशा घरी कोणी फार बोलत नाही, नुसतं जाऊन बसायचं असतं. त्यांनी मशीन बॅगेत ठेवलं, चेन लावली, आणि आम्ही चालत गेलो. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

मी आत बायकांमध्ये बसले, ते बाहेर अंगणात पुरुषांमध्ये. दुपारच्या गोळीची वेळ झाली तशी ते उठून एकटेच गाडीकडे निघाले. वळणावर आले तर गाडीजवळ एक मोटारसायकल उभी, तिच्यावर एक माणूस बसलेला आणि दुसरा आमच्या मागच्या दारापाशी. काच फुटली. पुढचं सगळं त्यांनी मला नंतर पाटीवर लिहून सांगितलं, लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर अंगणभर माणसं बसली होती. आजोबांनी तोंड उघडलं. टाळ्या वाजवल्या, पण त्या अंगणापर्यंत पोचल्या नाहीत. दारापाशी असलेला माणूस दचकला आणि वर बघायला लागला. आधी पळायच्या बेतात होता. मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारा नुसतं तोंड उघडतोय, ओरडत नाही. त्यानंतर त्याने घाई केली नाही. हात आत घालून बॅग काढली, अंगावरचे काचेचे तुकडे झटकले, मागे बसून बॅग मांडीवर नीट घेतली, आणि दोघं गेले.

मग बाहेर कोणाचं तरी त्यांच्याकडे लक्ष गेलं असावं. घरात वारलेल्या गृहस्थांची भावजय माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकी, तुमच्या सायबाला बगा जरा. दम लागलाय वाटते."

मी धावत गेले. आजोबा एका हाताने गाडीच्या टपाला धरून उभे होते. गळ्यावरचं कापड सुटलं होतं आणि भोकातून शिट्टीसारखी हवा ये-जा करत होती. भोवती माणसं जमली होती. कोणी वारा घालत होतं, कोणी म्हणत होतं, "पानी पाजा, पयलं पानी पाजा." त्यांना धरून खाली बसवलं. ते हात उचलून पुन्हा पुन्हा रस्त्याकडे दाखवत होते आणि लोक म्हणत होते, "हो हो, नेतो दवाखान्यात, तुमी घाबरू नका." गाडीची काच फुटली आहे हे मी बघेपर्यंत कोणी पाहिलं नव्हतं. तोवर मोटारसायकल कुठल्या कुठे गेली असेल.

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "बॅगेत काय काय होतं?"

"औषधं, कपडे. आणि यांचं बोलायचं मशीन."

"मोबाईल. कोणता होता?"

"मोबाईल नाही हो. गळ्याला लावून बोलायचं मशीन."

तो आजोबांकडे वळला. "बरं, आजोबा, तुम्ही पाहिलंत ना? सांगा, कसे होते दिसायला?" मग त्याच्याच लक्षात आलं. खाली बघत म्हणाला, "राहू द्या. लिहून देता का?" आजोबांनी लिहून दिलं. प्लांटमध्ये असताना त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. त्या कागदावरचं मला ओळखू आलं नाही.

आम्ही फुटक्या काचेवर प्लास्टिक चिकटवून घरी आलो. रस्ताभर ते फडफडत होतं, बोईसरच्या ट्रकांची धूळ आत येत होती. तुमच्या-माझ्या नाकात धूळ गाळली जाते, त्यांच्या थेट छातीत जाते. ते गळ्यावर तळवा दाबून बसले होते, तरी घरी पोचल्यावर संध्याकाळपर्यंत खोकत राहिले. म्हणून काच दुसऱ्याच दिवशी बसवायची ठरवली. नाहीतर माझ्याने त्या गाडीकडे बघवतही नव्हतं.

बोईसरला काचवाल्याचं दुकान फॅक्टऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथला कारागीर उत्तरेकडचा. त्याने दार उघडून बघितलं आणि आजोबांना विचारलं, "बाबूजी, कंपनी का लगाऊँ या लोकल?" आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. त्याला वाटलं, ऐकू आलं नाही. तो कानाशी वाकून ओरडला, "कंपनी का? या लोकल?"

मी म्हटलं, "बहरे नहीं हैं. आवाज नहीं है."

"अच्छा, गला बैठ गया है. गरम पानी में नमक डालके..."

"बैठा नहीं. निकाल दिया है. ऑपरेशन करके."

पक्कड हातात धरून तो थांबला. "पूरा?"

"पूरा."

आजोबांकडे बघून म्हणाला, "मेरी घरवाली का भी कोई निकाल दे, अम्मा, तो घर में दो रोटी शांति से खाऊँ." बोलल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण आजोबा हसले. त्यांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "घरवाली को भी पूछो, उसे क्या निकलवाना है." तेव्हा तर आजोबांना खांब धरावा लागला.

त्याने दाराचं आतलं अस्तर सोडवलं. आत जाड्या मिठासारखे काचेचे खडे साठले होते, दार हलवलं की खळखळायचे. त्याने ते व्हॅक्यूमने ओढून घेतले, सीट झाडली, खाचेतलं रबर बदललं आणि नवीन काच वरून अलगद खाली सोडली. मग आजोबांना म्हणाला, "चढ़ाके देखो, बाबूजी." त्यांनी बटण दाबून काच वर नेली, खाली आणली, परत वर नेली. ती बाकीच्या काचांपेक्षा किंचित हिरवट आहे. तुम्ही याल तेव्हा दिसेल.

दुकानातून मी घराकडे वळवायला लागले तर त्यांनी हाताने दुसरीकडे खूण केली. पुन्हा मासवणचा रस्ता. काच बसली आता, चला घरी, असं मी म्हटलं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सूर्या नदीच्या पुलाआधी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि कडेने चालत निघाले. त्यांचा अंदाज बरोबर होता. चोरांनी बॅग वाटेत रिकामी केली होती. उतारावरच्या गवतात आमचा टॉवेल मिळाला, औषधांच्या पट्ट्या मिळाल्या, फोडलेला बिस्किटाचा पुडा मिळाला. आजोबा काठीने करवंदीच्या जाळ्या वर करून बघत होते.

लाकडाची मोळी घेऊन एक बाई चालली होती. तिने विचारलं, "काय हरवला, बाबा?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी म्हटलं, "मशीन हरवलंय. बोलायचं."

"बोलायचा? कसला बोलायचा?"

मी गळ्याकडे हात करून सांगितलं. तिने मोळी खाली टाकली. "मंग आता हे कसा बोलतील?" असं म्हणत तीही आमच्याबरोबर गवतात बराच वेळ शोधत होती. मशीन मिळालं नाही. त्या माणसांना ते काय आहे हे कळलंच नसणार. दाढी होत नाही म्हटल्यावर पाण्यात फेकून दिलं असेल.

तुमच्या बाबाने तिकडून नवीन मशीन पाठवलं. चांगलं आहे, हलकं आहे. आजोबांनी ते खोक्यातून काढलं, गळ्याला लावलं आणि बटण न दाबताच खाली ठेवलं. मला वाटलं, सवय नाही, दोन दिवस जाऊ देत. दोन दिवस गेले, महिना गेला. मग मी भांडले. सरळ विचारलं, "अहो, आता कशासाठी हट्ट धरलाय? मुलं वाट बघतात तुमच्या बोलण्याची." त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "हातात असतं तरी ओरडता आलं नसतं." ते वाचून होईपर्यंत थांबले, पुसलं आणि लिहिलं, "हा आवाज नाही."

खरं आहे ते. मशीनला एकच पट्टी, तिच्यात हाक मारता येत नाही. मी म्हटलं की रोज थोडंच ओरडायचं असतं, चहा मागायला आवाज पुरतो, नातवंडांशी बोलायला पुरतो. त्यांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

आता ते लग्नाला येत नाहीत, कोणाकडे सांत्वनालाही नाही. संध्याकाळी चहाला यायचे ते जुने सहकारी आधी रोज यायचे, मग आठवड्याने, आता क्वचित. पाटीवरचं बोलणं हळू चालतं, लोकांना घाई असते. सरावाची बॅग पुन्हा भरली नाही. मी विचारलं तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. नवीन मशीन मी दर आठवड्याला चार्ज करून ठेवते. ते बघत असतात.

ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. कॉलवर ते काही बोलायला जातात आणि शांतता मला सोसत नाही म्हणून मीच त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकते. त्यामुळे तुम्ही माझ्याकडे बघता. पुढच्या वेळी मी गप्प बसेन. तुम्ही आजोबांच्या ओठांकडे बघा. स्क्रीनवर तुम्ही आलात की ते आधी थोरल्याचं नाव घेतात, मग धाकटीचं. आवाज येत नाही, पण दोन्ही नावं ओठांवर पूर्ण उमटतात.