रोजचा काप

अब्बा आखातातून कायमचे परतले ते डोक्यात रबर घेऊन. तिथे ज्याच्याबरोबर एका खोलीत वर्षानुवर्षं काढली, तो केरळचा मित्र त्यांना सुट्टीच्या दिवशी रबराच्या बागांबद्दल सांगत बसायचा. तळ्याजवळच्या आमच्या उतारावर अब्बांनी काजूऐवजी रबराची दोनशे रोपं लावली. गावातले लोक हसले. सातेक वर्षांनी खोडं कापण्याजोगी झाली, तेव्हा तो मित्र शिकवायला आमच्याकडे येऊन राहिला. मी त्यांना चाचा म्हणायचे.

तोवर अब्बांचा उजवा हात थरथरू लागला होता. म्हणून सुरी माझ्या हाती आली. कॉलेज संपवून मी तेव्हा घरीच होते.

फजरच्या नमाजानंतर चाचा आणि मी वर जायचो, कारण ऊन चढलं की चीक कमी येतो. डावीकडून उजवीकडे उतरता, खोडाच्या अर्ध्या घेरापर्यंतच काप घ्यायचा. साल सोलायची ती लग्नपत्रिकेच्या कागदाएवढीच जाड. लाकडाला चिकटलेला ओला पापुद्रा असतो, त्याला सुरी लागली की तिथे गाठ धरते आणि नवी साल नीट येत नाही. कापातून पांढरा थेंब उतरायचा आणि खाली बांधलेल्या करवंटीत पडायचा. एका झाडाला आज कापलं की मग दोन दिवस हात लावायचा नाही, असा चाचांचा नियम होता.

अब्बांना ते दोन दिवस सोसवत नव्हते.

"म्हशीला कोण दोन दिवस न पिळता ठेवतं काय?" ते एकदा जेवताना म्हणाले.

"म्हशीला तुम्ही चारा घालता," चाचा त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. "हे झाड स्वतःच्या अंगातून काढून देतं. भरायला वेळ द्या."

आठवड्याभरात अब्बा कुठून तरी चीक वाढवायचं औषध घेऊन आले. कापाखाली लावायचं आणि रोज कापायचं, असं त्यांनी मला सांगितलं. चाचांनी डबा हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. त्या दिवशी दोघं खूप भांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी बॅग भरली. एस.टी.ची वाट बघताना ते मला म्हणाले, "तुला तर कळतंय ना?"

मला कळत होतं. मी त्यांची बॅग उचलून एस.टी.त ठेवली.

पहिला महिनाभर करवंट्या काठोकाठ भरल्या. अब्बा शेजाऱ्यांना बोलावून बादल्या दाखवायचे. मग चीक पाण्यासारखा पातळ झाला आणि दुपारपर्यंत गळत राहू लागला. नंतर कापाचा काही भाग कोरडाच राहायला लागला, वीतभर तपकिरी, मेलेल्या कातडीसारखा.

"अब्बा, झाडं सुकतायत."

"तू वरवर कापतेस. आत घाल सुरी."

मी आत घातली. मऊ सालीतून सरकणारी सुरी लाकडावर खरडल्याचा आवाज यायचा, आणि तरी मी पुढच्या झाडाकडे जायचे. पुढच्या पावसाळ्यानंतर साली फुगून तडकल्या. निम्म्याहून जास्त झाडांतून टिपूसही येईना.

शेवटी मी चाचांना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. चाचांना जाऊन महिना झाला होता. ती हिंदीत म्हणाली, "शेवटपर्यंत तुमच्या झाडांचं विचारत होते. म्हणायचे, मी रागाने निघून यायला नको होतं."

अब्बा ओटीवर बसले होते. मी त्यांना चाचा गेल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला होता?"

"न्हाय," मी म्हणाले.

मी तसं का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांना दुखवायचं होतं, एवढं खरं. ते उठून आत गेले आणि त्यानंतर त्यांनी चाचांचा विषय काढला नाही. मीही नाही.

सुकलेली झाडं लाकूडवाले घेऊन गेले. उरलेल्यांना वर्षभर विसावा दिला, तेव्हा चाळीसेक झाडं पुन्हा ओली झाली. त्यांचा चीक पूर्वीइतका येत नाही. जिथे मी लाकडापर्यंत कापलं होतं, तिथे खोडावर गाठी आल्यात आणि सुरी त्यांवर अडखळते. अब्बांना आता चढ चढवत नाही. कधीमधी विचारतात, आज किती आला. मी सांगते, झाडामागे अर्धी करवंटी.