दरबाराचं तोंड पूर्वेला

आर्णी तालुक्यात राजाश्रयावाचून वाया गेलेला बांधकाम ठेकेदार एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. अठराव्या शतकात नागपूरच्या दरबारी जो मोठा वास्तुकार होता, तो आपला पूर्वज, असं मामाजी सांगतात. पुरावा म्हणून स्वतःचं नाक दाखवतात. त्या पूर्वजाची कारकीर्द ऐकताना वाटतं, तो कालच्याच एसटीने रिटायर होऊन गावी आला असावा. "आधी घोड्यायच्या पागा बांधल्या, जावईबापू. राजा म्हणे, घोडे इतक्या थाटात राह्यतात, तं मी काहून नाही? झालं! थेट महाल!" पुढे गादीवर नवा राजा आला आणि त्याने पूर्वजाला महालावरून उचलून हत्तीखान्यावर टाकलं, तर या पठ्ठ्याने हत्तींसाठीही कमानी कोरल्या. इथे मामाजी थांबून माझ्याकडे बघतात आणि बदलीची नोकरी केलेला मी मनापासून मान हलवतो.

अशा घराण्यातल्या माणसाला साधी भिंत जमत नाही. त्यांनी बांधलेल्या गोठ्यांना सज्जे आहेत. आमच्या न्हाणीघराला त्यांनी घुमट केला. मी आत गुणगुणलो की रस्त्यावरून जाणारे थबकून हात जोडतात आणि पंचा गुंडाळलेला मी बाहेर आलो की निराश होऊन पुढे जातात. पण मामाजींचं एकही छप्पर आजवर गळलेलं नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करतात.

गेल्या वर्षी गावाने फाट्यावरचा प्रवासी निवारा बांधायला त्यांना सांगितलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच रयतेसाठी बांधायचं होतं! मामाजींनी काळा दगड आणला, खांब घडवले, मागच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने वेल कोरली. काम देखणं झालं. फक्त दरबाराचं तोंड पूर्वेला असतं म्हणून निवाऱ्याचंही पूर्वेला केलं, आणि रस्ता होता पश्चिमेला. पहिल्याच दिवशी लोक तुरीच्या शेताकडे बघत बसले आणि ड्रायव्हरला नुसती भिंत दिसल्याने एसटी पाठीमागून निघून गेली. दुसरीही गेली.

बंजारा तांड्यावरच्या म्हातारीला, सगळ्यांच्या याडीला म्हणजे आईला, आर्णीच्या दवाखान्यात जायचं होतं. ती कडाडली, "अरे कारागिरा, मले सूर्य नाही पाह्यचा, गाडी पाह्यची हाये!"

"पाडून टाका अन् टिनाचं शेड ठोका," सरपंच म्हणाले.

मी आपला रस्ताच पलीकडून वळवण्याचा उपाय सुचवला. कोणी हसलंही नाही. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

सकाळी पाहतो तर फाट्यावर छन्नी-हातोडा घेऊन मामाजी मागच्या भिंतीला भिडलेले, तेही नेमके वेलीवर.

"मामाजी, वेल कायले फोडता?"

"बसल्यावर माणसाचे डोळे इथंच येतात, जावईबापू. खिडकी इथंच पाह्यजे. वेल जाईन तं जाईन. याडी आर्णीले गेली पाह्यजे."

दुपारपर्यंत खिडकी झाली. याडी तिथे बसली, बाहेर डोकावली आणि ओरडली, "आली वं, गाडी आली!" सगळे धावले. खिडकीतली डोकी पाहून ड्रायव्हरने आधीच ब्रेक दाबला होता. क्षणात निवारा रिकामा झाला.

मामाजी खाली पडलेली दगडी पानं गोळा करत होते. मी म्हटलं, आता निवारा कोणी पाडत नाही. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. गाडीच्या मागे उडालेल्या धुळीकडे बघत ते म्हणाले,

"जावईबापू, महाल बांधून झाल्यावर आमच्या पूर्वजाले कोणी आत येऊ देल्लं असन काय हो? त्यानं केलेल्या खिडकीत कोण बसलं, हे पाह्यले?"