मोटारीचं झबलं

माझ्या सासऱ्यांचं हडपसरला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं, दुकान आहे, आणि मी पाण्यातल्या मोटारपंपांच्या कारखान्यात डिझाइन विभागात आहे. मोटारी जळल्या की त्यांना काम, आणि त्या जळू नयेत म्हणून मला पगार. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना हा उत्तम योग वाटला होता. मी वऱ्हाडातली. सासरच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांना मामा म्हणायला शिकले. ते मला नावाने हाक मारत नसत, ‘इंजिनिअरबाई’ म्हणत. सुरुवातीला मला त्यात कौतुक ऐकू आलं. ते कौतुक नव्हतं, हे कळायला फार वेळ लागला नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. नवरा आयटीत, कानाला हेडफोन लावून बसणारा. मामांचं आणि माझं वाजलं की तो म्हणायचा, “सोड ना यार, इग्नोर कर.” आणि दार लावून मीटिंगला बसायचा.

कारखान्यात जळून परत आलेल्या मोटारी उघडून बघायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं भांडण तिथून सुरू झालं. बोअरमधल्या मोटारी त्यात कमी होत्या, मोठ्या विहिरींमधल्या जास्त. कारण साधं होतं. मोटार खाली असते, पंप तिच्या वर, आणि पाणी ओढणारी जाळी दोघांच्या मध्ये. बोअर अरुंद, त्यामुळे जाळीकडे जाणारं पाणी मोटारीच्या अंगाला घासूनच वर चढतं आणि तिला थंड ठेवतं. विहीर ऐसपैस. तिथे पाणी चहूबाजूंनी सरळ जाळीत शिरतं, आणि मोटार खालच्या निवांत पाण्यात स्वतःच्या उष्णतेने शिजत राहते. मी मोटार आणि जाळी दोन्हींना कवेत घेणारं एक नळकांडं आखलं, वरून पंपाभोवती बंद, खालून उघडं. म्हणजे पाण्याला मोटारीवरून गेल्याशिवाय वाटच उरत नाही. जगात ही कल्पना नवी नव्हती, आमच्या कारखान्यात नवी होती. आमचे साहेब म्हणाले, आधी एखाद्या विहिरीत चालवून दाखवा, मग बोलू.

अशी विहीर घरातच होती. मामांची धाकटी बहीण लोणी काळभोरला राहते. आत्या एकटीच्या जिवावर फुलझाडांची नर्सरी चालवते. तिची मोटार दर उन्हाळ्यात जळायची. मामा टेम्पो घेऊन जायचे, मोटार उपसून दुकानात आणायचे, भरून परत सोडायचे. बहिणीकडून त्यांनी त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. तोवर रोपं मात्र टँकरच्या पाण्यावर.

मी आत्याला फोन केला. ती लगेच हो म्हणाली. त्या दिवशी जेवताना मामांनी ताट पुढे सरकवलं आणि नवऱ्याकडे बघत म्हणाले, “तुझ्या बायकोला सांग, माझ्या बहिणीची हीर म्हंजी तिची प्रयोगशाळा न्हाय.” मी समोरच बसले होते. मीही नवऱ्यालाच सांगितलं, की विहीर आत्यांची आहे आणि त्यांनी होकार दिलाय. नवरा वरणभात कालवत राहिला.

मोटार सोडायच्या दिवशी मामा न बोलावता लोणीला आले. कारखान्याचे दोघे फिटर चेनपुली लावत होते. मामा विहिरीच्या काठावर उभे राहिले, नळकांड्याकडे बघितलं आणि फिटरांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मोटारीला झबलं शिवलंय व्हय? काजळतीट ऱ्हायली की.” फिटर हसले. त्या दिवसापासून कारखान्यातही त्या नळकांड्याला झबलंच म्हणतात. मग मामा आत्याकडे वळले. हे खालून कचरा ओढणार, पाला अडकणार आणि चोंदणार, असं त्यांनी तिला बजावलं. माझी माणसं बोलाव, हे काढून टाकू, असंही म्हणाले.

आत्याने त्यांना शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, तू दर साली मोटार नीट करतूस. पर ती जळती का, हे मला एकदा बी सांगितलं न्हाईस. ही सांगतीया. सोडू दे तिला.”

मामा तसेच टेम्पोत बसून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या हातचा चहा बंद केला. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पिऊन यायचे.

मोटारीच्या आतल्या वेटोळ्यात आम्ही तापमान मोजणारी तार घातली होती. मोटार किती तापते ते आकडे माझ्या फोनवर येत. फार तापली तर स्टार्टर आपोआप पडून ती बंद व्हायची. सुरुवात छान झाली. मग एका दुपारी आकडा चढत गेला आणि मोटार बंद पडली. वर काढली तर झबल्याच्या तोंडाशी पाला आणि गोणपाटाचे धागे यांचा बोळा बसलेला. मामा म्हणाले होते अगदी तसंच. मी घरी येऊन त्यांना तोंडावर सांगितलं, “कचऱ्याचं तुमचं बरोबर होतं.”

“माझं बरोबरच असतंय,” ते पेपर न हलवता म्हणाले. “इचारतंय कोण?”

मी झबल्याची आणि मोटारीची मधली फट वाढवली, तोंडाला मोठी जाळीची टोपली लावली. मोटार पुन्हा विहिरीत गेली आणि चालत राहिली. मार्च गेला, एप्रिल गेला. आत्याने फोन करून भावाला जेवायला बोलावलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मामांचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. “मोटार जळली की येतो.”

कारखान्यात मात्र गाडी अडली होती. साहेबांचं म्हणणं, यंदा विहिरीला पाणी जास्त असेल, व्होल्टेज बरं असेल, झबल्यामुळेच जळली नाही कशावरून? त्याच विहिरीत, त्याच मोटारीवर, झबल्याविना काय होतं ते दाखवा. मी नकार दिला. आत्याची रोपं ऐन उन्हाळ्यात पणाला लावायचा मला अधिकार नव्हता.

मे महिन्यात आत्या लेकीकडे सासवडला गेली. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना फोनवरचा आकडा चढायला लागला. स्टार्टर पडला. थोड्या वेळाने कुणीतरी पुन्हा चालू केला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. दुपारपर्यंत हेच चाललं होतं. टोपली चोंदली असेल म्हणून मी सुट्टी टाकून लोणीला गेले.

विहिरीवर मामांच्या दुकानातली चेनपुली उभी होती. झबलं शेवंतीच्या वाफ्याशेजारी पडलं होतं, टोपलीसकट. मामा स्टार्टरपाशी बसले होते. मला बघून उठलेसुद्धा नाहीत.

“का काढलंत?” मी विचारलं.

“बघत हुतो.”

“काय?”

“तुझ्या झबल्याबिगर ही किती तापती ते. मी भरल्याली मोटार दर साली ह्याच्यापायीच जळायची का, ते.”

माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुम्हाला ती जळायलाच हवी आहे, बहिणीची रोपं गेली तरी चालतील, पण तिने हाक तुम्हालाच मारली पाहिजे. ते मला मध्येच तोडून म्हणाले, “इंजिनिअरबाई, माझ्या बहिणीचं मला शिकवायचं न्हाय.” मग दुकानातल्या माणसांना चेनपुली उतरवायला सांगितलं आणि निघून गेले. झबलं परत चढवायला मला कारखान्यातून माणसं बोलवावी लागली. मोटार वाचली होती, स्टार्टर दर वेळी पडल्यामुळे.

संध्याकाळी आकडे मांडताना मला कळलं, की साहेबांना हवा होता तो पुरावा आयताच हाती आला आहे. तीच विहीर, तीच मोटार, तेच व्होल्टेज. फक्त झबलं नाही. झबल्यासकट आणि झबल्याविना, तापमानाच्या दोन्ही रेषा एकाच कागदावर काढून मी साहेबांपुढे ठेवल्या. पुढच्या हंगामापासून विहिरीसाठी जाणाऱ्या प्रत्येक मोटारीबरोबर झबलं देण्याचा निर्णय झाला. विहिरीत जळून परत आलेल्या ज्या जुन्या मोटारींची वॉरंटी कारखान्याने नाकारली होती, त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी विचारलं, तर साहेबांनी विषय बदलला.

मी मामांना सांगितलं, की तुमच्या त्या दिवसाच्या उद्योगानेच हे मंजूर झालं. मला ते बोचावं असंच वाटत होतं, आणि बोचलं. ते जेवण अर्धवट टाकून उठले. आत्यालाही सगळं कळलं. तिने भावाला फोनवर एवढंच सांगितलं, “दादा, जेवायला कवाबी ये. माझ्या हिरीत हात घालायचा न्हाय.” ते गेले नाहीत. भाऊबीजेला आत्याही आली नाही.

अलीकडे हडपसरच्या बाजारातून येताना मी त्यांच्या दुकानासमोर थांबले. बाहेर भिंतीला जाड पीव्हीसी पाइपाचे तुकडे उभे होते, वरून टोपण, खाली भोकं पाडलेली. एक गिऱ्हाईक विचारत होतं, हे कंपनीचंच का. मामा म्हणाले, “कंपनीचं घेऊ नका. त्यास्नी यातलं काय कळतंय? ह्ये मी बनवलंय.”

मी पुढे होऊन एक तुकडा उचलला, आत हात घालून बघितला. माप ठीक होतं, पण टोपणाला वायर बाहेर काढायला जागाच ठेवली नव्हती. मी तसं त्या गिऱ्हाइकासमोरच सांगितलं.

मामांनी तुकडा माझ्या हातातून ओढून घेतला. “घरी जावा,” ते म्हणाले. “हितं काम चाललंय.”